मुलांसोबतची भटकंती: फोटोत न आलेलं

गेल्या महिन्यात आम्ही टेकडीवर सूर्यास्त बघायला गेलो होतो. लेक साडेचार वर्षांची. गाडी लावली, बूट घातले, पाण्याची बाटली तिच्या गळ्यात अडकवली, आणि दहा पावलांवर ती जी उकिडवी बसली ती उठेचना. मुंग्यांची रांग एका मेलेल्या भुंग्याला ओढून नेत होती.

"चल गं, सूर्य बुडेल," असं मी तीनदा म्हटलं. मग मीही तिच्याशेजारी बसले. तिने एक वाळकं पान रांगेवर आडवं ठेवलं. मुंग्या पानाशी येऊन थबकल्या. एक डावीकडे गेली, एक मागे फिरली आणि समोरून येणारीच्या मिशांना मिशा लावून उभी राहिली. शेवटी एक जण पानावर चढली, पलीकडे उतरली. थोड्या वेळाने बाकीच्याही तिथूनच जायला लागल्या. "आई, ह्यांना कसं कळलं?" मी सांगितलं की मुंगी चालताना मागे वासाची वाट सोडत जाते, पानाखाली ती वाट झाकली गेली, म्हणून पहिलीने नवी घातली. लेकीने पान उचललं आणि नाकाला लावून डोळे मिटून वास घेत राहिली.

सूर्यास्त हुकला. घरी आल्यावर तिने आजीला भुंग्याचं सगळं सांगितलं, अगदी मुंग्यांची चाल करून दाखवून. माझ्या फोनमध्ये त्या संध्याकाळचे चिक्कार फोटो आहेत, त्यात भुंगा मात्र एकाही फोटोत नाही.

म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतेय. लहान मुलांना घेऊन निघालात तेव्हा नेमकं काय झालं? ठिकाण कोणतंही असो, लांबचं किंवा घरामागचं. पंचाईत झाली असेल तर तीही लिहा, आणि पुढच्या वेळी काय वेगळं केलंत तेही. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

* * *

आमच्याकडे प्रत्येक सहलीआधी एकच धास्ती: गाडी लागेल का? मोठा आता सात वर्षांचा आहे. दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला काहीच त्रास नव्हता, त्यामुळे आपल्या पोराला गाडी लागत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की दोन वर्षांच्या आत सहसा लागतच नाही, आणि साधारण सहा ते बारा या वयात त्रास सगळ्यात जास्त असतो.

तो पाच वर्षांचा असताना वळणावळणाच्या रस्त्याने निघालो होतो. कुरकुर नको म्हणून मी त्याच्या हातात मोबाइल दिला. वीसेक मिनिटांत तो गप्प झाला. मला वाटलं, रमला. ते गप्प होणं ही सुरुवात असते हे आज कळतं. आधी जांभया येतात, मग चेहरा पांढरा पडतो, ओठांच्या वर घाम दिसतो, तोंडाला पाणी सुटतं. मळमळतंय हा शब्द त्या वयात मुलांना सुचत नाही. तो म्हणाला, "बाबा, पोट गोल गोल फिरतंय," आणि पुढच्या वळणावर सगळं बाहेर. त्यानंतर तो रडला नाही, पण माझा शर्ट खराब झाला म्हणून माझ्याकडे घाबरून बघत होता. ती नजर मला विसरता येत नाही. रस्त्याकडेला थांबून आधी त्याला जवळ घेतलं, शर्टाचं नंतर बघितलं.

आतल्या कानाला गाडीचे हेलकावे जाणवत असतात, डोळे मात्र हातातल्या पडद्यावर खिळलेले असतात. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात नाही, आणि त्या गोंधळात उलटी होते. म्हणजे गप्प बसवायला दिलेल्या मोबाइलनेच त्याला आजारी पाडलं होतं. आता गाडीत पुस्तक नाही, मोबाइल नाही. त्याची सीट अशी बसवली आहे की पट्टा नीट राहून समोरचं दिसेल. "सगळ्यात लांब काय दिसतंय?" हा आमचा खेळ. मनोरे, डोंगर, धूर, पक्षी, जे दिसेल ते. निघण्याआधी थोडं हलकं खायला देतो, पोट अगदी रिकामंही ठेवत नाही. तास-दीड तासाने उतरून पाय मोकळे करतो. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. आणि सीटच्या खिशात जाड पिशव्या, ओले रुमाल, कपड्यांचे दोन जोड: एक त्याचा, एक माझा.

* * *

विमानाबद्दल थोडंसं. मुलगी आठ महिन्यांची होती. विमान खाली उतरू लागलं तशी ती किंचाळून रडायला लागली आणि कान ओढायला लागली. मागच्या सीटवरच्या एक बाई पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "अंगावर घे तिला." दूध गिळायला लागली आणि दोन मिनिटांत शांत झाली. नाकामागून कानात जाणारी नळी लहान मुलांची अरुंद असते, बाहेरचा दाब बदलला की आतला दाब पटकन जुळत नाही. गिळताना ती नळी उघडते. त्यामुळे विमान उतरायला लागण्याआधी तिला जागं करते आणि दूध तेव्हासाठी राखून ठेवते. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारते. त्या बाईंचे आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले, म्हणून इथे मानते.

* * *

हे लिहिताना अजूनही हात थरथरतो. गर्दीचं ठिकाण, मुलगा चार वर्षांचा. मी त्याचा हात सोडून तिकिटं पर्समध्ये ठेवली आणि पुन्हा हात पुढे केला तर तिथे कुणी नव्हतं. सहा मिनिटं, नवऱ्याने नंतर फोनवर वेळ बघून सांगितलं. त्या सहा मिनिटांत मला मुलाने घातलेल्या शर्टाचा रंग आठवेना. आई आहे मी त्याची, सकाळी मीच घातला होता.

तो सापडला एका बाईंजवळ. त्यांच्या कडेवर त्यांचं बाळ होतं, आणि त्या हलल्या नव्हत्या. जिथे तो भेटला तिथेच त्याचा हात धरून उभ्या होत्या. हरवलास तर पळायचं नाही, उभं राहायचं, आणि एखाद्या बाळवाल्या मावशीला सांगायचं, एवढं आम्ही त्याला शिकवलं होतं. ते त्याने अगदी बरोब्बर केलं. पण त्या बाईंनी विचारलं, "आईचं नाव काय?" तर तो म्हणाला, "आई." बाबांचं नाव? "बाबा."

त्या आठवड्यात आम्ही त्याला आमची पूर्ण नावं शिकवली. फोन नंबर चालीवर पाठ करून घेतला, कारण नुसते आकडे तो विसरायचा आणि चालीवर एकही चुकत नाही. बाहेर पडताना दारात त्याचा एक फोटो काढते, त्या दिवशीच्या कपड्यांसकट. मनगटावर नंबर लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावते, म्हणजे घामाने पुसत नाही. त्याचं नाव बाहेरून दिसेल असं कुठेही लिहीत नाही. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं.

* * *

मी आजोबा या नात्याने लिहितो आहे. नात पाच वर्षांची, रात्रीची रेल्वे, खिडकीची जागा तिची. सगळे झोपले आणि आम्ही दोघे जागे. ती म्हणाली, "आजोबा, चंद्र आपल्या गाडीबरोबर पळतोय." उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण ते गिळलं. म्हटलं, "बघ बरं, आणखी कोण पळतंय?" तिने काचेला नाक टेकवलं. श्वासाने काच धुरकट झाली, बाहीने पुसली, पुन्हा टेकवलं. रुळांजवळचे खांब झर्रकन मागे जातात. त्यापलीकडची झाडं सावकाश. त्याहून लांबचा डोंगर जवळजवळ हलतच नाही. हे तिने एकेक करून मला सांगितलं, मी फक्त "हं" म्हणत होतो. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "म्हणजे चंद्र डोंगरापेक्षा पण लांब आहे." चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटरवर आहे हा आकडा मी तिला त्या रात्री सांगितला नाही. सकाळी सांगितला, तेव्हा तिने मान डोलावली, जणू तिचंच म्हणणं मी पुन्हा सांगत होतो.

* * *

इथले प्रवास वाचून लिहू की नको असं झालं होतं. मी एकटी कमावती, रजा मिळत नाही, सहल म्हणून आम्ही कुठेच गेलेलो नाही. पण दर रविवारी मी आणि माझा लेक बसने जातो. घराजवळून जी बस मिळेल ती, शेवटच्या थांब्यापर्यंत, आणि त्याच बसने परत. तिकीट तो स्वतः मागतो. पहिल्यांदा वाहक काकांना त्याचं ऐकूच आलं नाही, मी बोलणार इतक्यात त्याने माझा हात दाबला आणि पुन्हा मोठ्याने म्हणाला, "एक पूर्ण, एक अर्धं!" सगळी तिकिटं एका डब्यात ठेवली आहेत त्याने. पावसात भिजलेलं एक वहीत दाबून सपाट केलंय. कुठल्या दिवशी शेवटच्या थांब्यावर काय होतं ते तिकीट बघून सांगतो: ह्या दिवशी कुत्रीला चार पिल्लं, ह्या दिवशी रस्ता खणलेला आणि त्यात पिवळं मशीन. परतीच्या वाटेवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो आणि आमच्या थांब्याच्या एक थांबा आधी आपोआप जागा होतो.

* * *

बसवाल्या ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. ती डब्यातली तिकिटं जपून ठेवा.

* * *

माझा मुलगा स्वमग्न आहे, सहा वर्षांचा. बाहेर जाण्यातली सगळ्यात कठीण गोष्ट आमच्यासाठी रस्ता नाही, गर्दीही नाही. स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र. ते अचानक घुरघुरतं आणि त्याच्या कानांना ते असह्य होतं. एकदा तो तिथे जमिनीवर पडून कान दाबून ओरडत होता आणि लोक मला शिस्तीबद्दल सांगत होते. मी त्यांना काही बोलले नाही. त्याच्यावर माझा दुपट्टा पांघरून शेजारी बसले.

आता जायच्या आदल्या दिवशी आम्ही चित्रांची पट्टी करतो. घर, गाडी, फाटक, झाडं, डबा, गाडी, घर. प्रत्येक टप्पा झाला की तो चित्रावर खूण करतो. शेवटचं चित्र घराचं असतं आणि ते दिसत राहिलं की त्याला धीर येतो. उघडल्या उघडल्या जातो, गर्दी वाढायच्या आत निघतो. कानांवर लावायचे आवाजरोधक सोबत. रुमालही नेतो, म्हणजे त्या यंत्राजवळ जावंच लागत नाही. गेल्या वेळी कारंज्यापाशी त्याने स्वतः एका कानावरचं झाकण किंचित उचललं, ऐकलं, परत ठेवलं. पुन्हा उचललं. मी श्वास रोखून बघत होते.

* * *

प्रवासात जुलाब लागले तर: क्षारसंजीवनीची पाकिटं पिशवीत असू द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची. पाकीट नसेलच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे टाकू नका. एकदम पेलाभर पाजलं की उलटून पडतं, चमच्या-चमच्याने द्यायचं. शू कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल झालं तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. धाकट्याच्या वेळी आम्ही एक रात्र वाट बघितली, ती बघायला नको होती.

* * *

समुद्र. मुलीने वाळूचा किल्ला केला, दुपारी चार वाजता लाटेने नेला. दुसऱ्या दिवशी तिला अगदी चारलाच तिथे जायचं होतं, लाट येताना बघायला. गेलो तर पाणी अजून बरंच खाली. "बाबा, आज समुद्राला उशीर झाला?" खरंच झाला होता. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, एका भरतीपासून दुसरी सुमारे 12 तास 25 मिनिटांनी. आम्ही वाट बघत बसलो. पाचच्या सुमाराला पहिली जीभ किल्ल्याच्या खंदकात शिरली आणि तिने टाळ्या वाजवल्या.

आणखी एक, आणि ते जास्त महत्त्वाचं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातवारे करत नाही. श्वासच घेता येत नसतो, हाक कुठून मारणार? गुडघाभर पाण्यातही मी हाताच्या अंतरावर उभा राहतो. फोन बायकोकडे. दोघे मोठे असतील तर "आता तू बघ" असं तोंडाने बोलून पाळी बदलतो, नाहीतर दोघांनाही वाटतं की दुसरा बघतोय.

* * *

आम्ही तंबूत राहिलो होतो. रात्री वीज चमकली तशा दोघी मुली माझ्या दोन बाजूंना चिकटल्या. मोठीला मोजायला शिकवलं: चमकली की "एक हत्ती, दोन हत्ती", गडगडाट होईपर्यंत. एक हत्ती म्हणजे साधारण एक सेकंद. आवाज तीन सेकंदांत जवळपास एक किलोमीटर येतो, म्हणून हत्तींना तीनने भागायचं. आठ हत्ती झाले आणि मी लगेच दोघींना उचलून गाडीत नेलं. तंबू विजेपासून वाचवत नाही, आणि मोजणी तीसच्या आत आली की आडोशाला जायचंच; पत्र्याचं छत असलेली बंद गाडी चालते.

काचा वर, कोरडा टॉवेल दोघींभोवती, पाय भिजलेले. भीती कुठल्या कुठे गेली होती, दोघी मिळून मोजत होत्या. धाकटीला दहाच्या पुढे येत नाही, ती दहानंतर पुन्हा एकपासून सुरू करायची आणि मोठी तिला सांभाळून घ्यायची. दहा हत्ती. चौदा हत्ती. वादळ लांब जात होतं. मग फक्त मोठीचा आवाज राहिला, आणि सतराव्या हत्तीला तोही थांबला. पुढचे मी एकटाच मोजत होतो, हळू आवाजात, कुणी जागं होऊ नये म्हणून.