'चलती का नाम गाडी' : कधी पाहिलात, कुणाबरोबर पाहिलात? (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात एका मित्राशी वाजलं. त्याचं म्हणणं, 'चलती का नाम गाडी'तून गाणी काढली तर उरतं काय? तीन भाऊ, एक खटारा आणि मध्येच भरकटलेली गोष्ट. मी म्हटलं, गाणी काढायचीच कशाला? पुरणपोळीतून पुरण काढून ती कशी लागते हे कोण बघतं का?

पण प्रश्न डोक्यात राहिला. 1958 सालचा सिनेमा. दिग्दर्शक सत्येन बोस, संगीत सचिनदांचं (एस. डी. बर्मन), गीतं मजरूहची. अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार हे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच, आणि समोर मधुबाला. थोरला ब्रिजमोहन बायकांवर डूख धरून बसलेला, त्यामुळे गॅरेजात बाईमाणसाचं नावसुद्धा काढायचं नाही. अशात एका पावसाळी रात्री रेणूची, म्हणजे मधुबालाची, गाडी बंद पडते. रात्रपाळीला असलेला धाकटा मन्नू (किशोरकुमार) ती दुरुस्त करून देतो, आणि बाईसाहेब पैसे न देताच निघून जातात. पाच रुपये बारा आणे!

मला हा सिनेमा आवडतो तो या थकबाकीमुळे. आपल्या सिनेमातले नायक पोटापाण्यासाठी नक्की काय करतात ते सहसा कळत नाही. हा मात्र कामगार माणूस आहे, त्याने काम केलंय आणि त्याचे पैसे बुडालेत. तो तिच्या मागे लागतो तो वसुलीसाठी. पुढचं सगळं त्यातून होतं.

समीक्षा नको. तुमचा अनुभव लिहा. नावडला असेल तरी लिहा.

घाटकोपरचा पाना

आमचं गॅरेज वडिलांच्या वेळचं. फियाट आणि अ‍ॅम्बेसिडरवर हात बसला, आता सगळं कॉम्प्युटर लावून बघायचं असतं. त्या सीनबद्दल एक मेकॅनिक म्हणून सांगतो. जुनी पेट्रोल गाडी पावसात बंद पडली की बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये पाणी गेलेलं असायचं. कॅप काढायची, कोरड्या फडक्याने आतून पुसायची, पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपर फिरवायचा, प्लगच्या वायरी पुसायच्या. काम दहा मिनिटांचं. पण गिऱ्हाईक शेजारी उभं असलं की दहा मिनिटांत आटपायचं नसतं, नाहीतर ते म्हणतं, एवढ्याशा कामाचे एवढे पैसे? मग उगाच बॉनेटमध्ये डोकं घालून इकडे ठोक, तिकडे ठोक करायचं. किशोरदा त्या 'एक लडकी भीगी भागी सी' गाण्यात जी ठोकाठोक करतात ना, ती मला शंभर टक्के पटते. डोकं आत, लक्ष बाहेर. फरक इतकाच, आमच्याकडे रात्री अकराला यायचे ते टेम्पोवाले.

आणि उधारीचं म्हणाल तर बिल राहिलेलं गिऱ्हाईक रस्ता बदलतं. आमचे वडील वहीत पान मुडपून ठेवायचे. पिक्चर टीव्हीवर लागला की म्हणायचे, "हा पोरगा धंद्याचा आहे, पाठ सोडत नाही." प्रेमबिम त्यांना दिसलंच नाही कधी.

सांगलीकर काकू

मी लग्नानंतर पाहिला, मॅटिनीला. तेव्हा जुने पिक्चर सकाळच्या खेळाला परत लागायचे आणि तिकीटही कमी असायचं. मोठ्या जाऊबाई आणि मी, सासूबाईंना भिशीला जातो म्हणून सांगून निघालो. थिएटरात निम्मे कॉलेजची पोरं आणि निम्म्या आमच्यासारख्या भिशीवाल्या! 'हाल कैसा है जनाब का' सुरू झालं तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि आमच्या जाऊबाई, ज्या घरात मोठ्याने खोकायच्यासुद्धा नाहीत, त्या पायाने ठेका धरून बसल्या होत्या.

घरी आल्यावर दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. नकळत मी तेच गाणं गुणगुणायला लागले. सासूबाई दारात उभ्या. मी गप्प. तर त्या पुढची ओळ गुणगुणत देवघरात निघून गेल्या. पुढच्या महिन्यात म्हणाल्या, भिशीला मी पण येईन गं.

नवे पैसे

नाणी जमवतो म्हणून हे नाव. एक गंमत कुणाच्या लक्षात आली आहे का? आपल्याकडे दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. म्हणजे पिक्चर आला तेव्हा सरकारी हिशोबाने मन्नूचं येणं पाच रुपये पंचाहत्तर नये पैसे होतं. पण लोकांच्या तोंडात आणेच होते, आणि बरीच वर्षं राहिले. माझी आजी चार आणे, आठ आणे म्हणत म्हणतच गेली. 'पाँच रुपैया बारह आना' या गाण्यात 'पंचाहत्तर नये पैसे' बसवून बघा, जमतंय का.

हा आकडा किशोरदांच्या इंदूरच्या कॉलेजातल्या कॅन्टीनच्या उधारीवरून आला असंही सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण उधारी बुडवणाऱ्याने पुढे वसुली करणाऱ्याचं काम केलं असेल तर तो न्यायच झाला म्हणायचा.

ओली साडी

मी जरा वेगळं लिहिते. सगळे मन्नूबद्दल लिहितात. मला लहानपणापासून रेणू बघायची असते. 1958 साल, मध्यरात्र, धो धो पाऊस आणि ही एकटी स्वतःची गाडी चालवते आहे. गाडी बंद पडली तर रडत बसत नाही, गॅरेज शोधत येते, झोपलेल्या माणसाला उठवते आणि काम करून घेते. तो तिच्याभोवती गात, उड्या मारत फिरतो, आणि ही भिजलेली साडी सावरत आधी वैतागलेली, मग हसू दाबणारी. त्या दाबलेल्या हसण्यासाठी मी ते गाणं कितीदा बघितलं असेल! ती घाबरलेली नाही. रात्री परक्या पुरुषासमोर एकटी बाई आणि पडद्यावर भीती नाही, असं आपल्या सिनेमात किती वेळा दिसतं?

माझ्या आईने पंचेचाळिशीत गाडी चालवायला शिकायचं ठरवलं. बाबा म्हणाले, आता कशाला? आई म्हणाली, मधुबाला चालवते. बाबांकडे उत्तर नव्हतं. आईने लायसन्स काढलं. वर्षानुवर्षं तिसऱ्या गिअरच्या वर गेली नाही, पण चालवली.

त्याच वर्षी मधुबालाचे 'हावडा ब्रिज' आणि 'काला पानी'ही आले. हृदयाचं दुखणं तेव्हाही होतंच. पुढे 1960 मध्ये तिने किशोरकुमारशी लग्न केलं आणि 1969 मध्ये, छत्तिशीत, गेली. हे माहीत झाल्यावर तरी सिनेमा उदास वाटायला हवा होता. मला नाही वाटत. तिच्याकडे बघितलं की हसूच येतं.

मधला

तीन भावांत मधला आहे, म्हणून अनुपकुमारच्या वतीने दोन शब्द. थोरल्याला दरारा मिळाला, धाकट्याला मधुबाला मिळाली. जग्गूला काय? भित्रा म्हणून शिक्का. तो नसता तर बाकी दोघांनी कुणाकडे बघून कपाळावर हात मारला असता? आमच्या घरीही हेच आहे. धन्यवाद.

धागाकर्ता

मधले, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. आमच्याकडचे मधले चिरंजीव जेवायचे थांबले आणि म्हणाले, "बघा."

बोंगो

तालुक्याच्या गावांत गणपतीत ऑर्केस्ट्रा करायचो, मी रिदमला. 'एक लडकी भीगी भागी सी' हे आमचं हुकमी गाणं. पण बोंगोवर नुसतं वाजवलं की सपक लागायचं. मग एका शोला आमच्या जीपचा ड्रायव्हर पाना आणि जॅकचा दांडा घेऊन स्टेजवर आला, आणि पहिल्या कडव्याच्या आधी दोन ठोके दिले. पब्लिक उठून उभं! तेव्हापासून तो पाना आमच्या वाद्यांच्या पेटीतच राहिला. ठोका मात्र नेमका पडावा लागतो. पाना धरायचा सैल, दोन बोटांत टांगल्यासारखा. मुठीत आवळला की नाद मरतो.

आता तज्ज्ञ मंडळी म्हणतील की ही चाल 'सिक्स्टीन टन्स' या अमेरिकन गाण्यावरून सुचली. मेर्ल ट्रॅव्हिसचं गाणं, 1955 मध्ये टेनेसी अर्नी फोर्डच्या आवाजात जगभर गाजलं. ऐकलं की पटतं, तो खालच्या पट्टीतला डुलत चालणारा ठेका तोच आहे. पण मजा पुढे आहे. ते गाणं कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचं. कितीही उपसलं तरी कंपनीच्या दुकानाची उधारी फिटत नाही, असं त्याचं रडगाणं. इथे त्याच ठेक्यावर कामगारच सावकार झालाय, आणि देणेकरी गाडीतून आलीय! सचिनदांनी हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण मला हे कळलं त्या रात्री मी हसत हसत झोपलो.

अजून एक. यात बाईचा आवाज जवळजवळ सगळा आशाबाईंचा. सचिनदा आणि लतादीदींचं त्या काळात बिनसलं होतं, त्याचा फायदा या पिक्चरला झाला असं माझं मत. किशोरच्या टवाळीला आशाबाईंसारखी तोडीस तोड टवाळी लागते. कुणाला राग आला तर येऊ दे.

रविवारचा सिनेमा

मुंबई दूरदर्शनवर शनिवारी मराठी, रविवारी हिंदी. आमच्या चाळीत टीव्ही एकाच बिऱ्हाडात. पोरं जमिनीवर, म्हाताऱ्या खुर्चीवर, पुरुष दारात उभे. त्या घरच्या आजोबांचा नियम होता की प्रेमाचं गाणं लागलं की आवाज कमी करायचा. या पिक्चरला त्यांची पंचाईत झाली. गाडी दुरुस्त करतानाचं गाणं प्रेमाचं म्हणायचं की कामाचं? त्यांचा हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला. 'पाँच रुपैया बारह आना'ला तर ते स्वतःच हसत होते, कारण आमच्यापैकी दोन बिऱ्हाडांकडे त्यांचं येणं होतं.

उगाच कौतुक नको

धागाकर्त्याच्या मित्राची बाजू घेतो. पहिला तास झकास. मन्नू पैसे मागायला तिच्या कार्यक्रमाला जातो, तिच्याच गाडीच्या मागच्या सीटवर त्याला झोप लागते आणि पठ्ठ्या थेट तिच्या घरी पोचतो, इथपर्यंत एकही सीन फुकट नाही. पण मग तो खोटा राजा, ती डांबून ठेवलेली बाई, मारामारी! के. एन. सिंगसारखा नट असूनही माझं बोट पुढे पळवायच्या बटणावर जातं. गॅरेजची गोष्ट गॅरेजातच संपवायला काय हरकत होती? मी दर वेळी थोरल्याच्या रहस्यापर्यंत बघतो आणि बंद करतो. शेवट मला नीट आठवतही नाही.

विविधभारती

मी सिनेमा पाहिला फार उशिरा. आधी तीस वर्षं फक्त ऐकला. वडील गिरणीत, सकाळी ट्रान्झिस्टर खिडकीत. माझ्या डोक्यातली रेणू वेगळी होती, गॅरेज वेगळं होतं, पाऊस तर आमच्या खिडकीबाहेरचाच. प्रत्यक्ष बघितल्यावर वाटलं होतं की हिरमोड होईल. उलट झालं. तो काळा-पांढरा पाऊस, वंगणाचे हात, तिची फिकट साडी. रंग असते तर इतकं उठून दिसलं नसतं. मध्यंतरी जुने सिनेमे रंगवायची टूम निघाली होती. याला कुणी हात लावू नये म्हणजे मिळवली.

13 ऑक्टोबरला रेडिओवर यांची गाणी हमखास लागतात. अशोककुमारांचा वाढदिवस, आणि 1987 मध्ये त्याच दिवशी किशोरदा गेले. थोरल्याने त्यानंतर वाढदिवस साजरा केला नाही. त्या दिवशी 'बाबू समझो इशारे' लागलं की मी आवाज वाढवते. तिघं एकाच गाडीत बसलेले असतात ना त्यात.

गच्चीवाली

सगळे प्रतिसाद वाचून काढले. माझं वय सव्वीस, सिनेमा मागच्या महिन्यात पहिल्यांदा पाहिला. मोबाईलवर, लोकलमध्ये, दोन हप्त्यांत. शेजारची बाई वाकून वाकून बघत होती, शेवटी मी एक इअरफोन तिला दिला. ती ठाण्याला उतरायची ती कळव्यापर्यंत आली.

आता आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर पडदा लावून दाखवायचं घाटतंय. लहान मुलं असणार, आजी-आजोबा असणार. 'उगाच कौतुक नको' म्हणतात तसा मारामारीचा भाग कापावा का?

सांगलीकर काकू

अजिबात कापू नकोस. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा त्यांना तोच भाग सगळ्यांत आवडला होता. थोरल्याचं मन का कडू झालं ते तिथेच कळतं. त्या सीनला त्यांनी माझा हात धरला होता.

उगाच कौतुक नको

काकू सांगतात म्हणून या वेळी शेवटपर्यंत बघतो. पण मध्यंतर राजाच्या एन्ट्रीच्या आधी ठेवा आणि मसाला दूध तेव्हाच वाटा. लोक बसून राहतील.

घाटकोपरचा पाना

प्रोजेक्टरची वायर गच्चीवर ओढणार असाल तर जोड उघडा ठेवू नका, टेप मारा. कोजागरीलाही पाऊस येतो हल्ली. आणि पत्ता कळवा, मी पाना घेऊन येतो.