मदत हवी आहे : अनुक्रमणिकेत रोमन आकड्यांचे 'पपप' होतात

दारव्ह्याला टायपिंगचं दुकान आहे. एका पोराचा पीएचडीचा प्रबंध आहे, 214 पानं, वर्ड 2010, सगळा मजकूर कृतीदेव 010 मध्ये (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणारा जुना फॉन्ट). सुरुवातीची पानं i, ii, iii आणि प्रकरण पहिल्यापासून 1, असं हवं. त्यासाठी सेक्शन ब्रेक टाकून भाग वेगळे केले, फुटरचं 'लिंक टू प्रीव्हियस' (आधीच्या भागाशी जोड) काढलं. फुटरमधले आकडे बरोबर येतात.

घोळ अनुक्रमणिकेत. तयार केली तेव्हा प्रकरणांची नावं इंग्रजी गिचमिड दिसली. अनुक्रमणिकेच्या ओळींची जी 'टीओसी 1' स्टाईल असते तिला कृतीदेव लावला, नावं सुधरली. पण आता ऋणनिर्देशापुढे iii ऐवजी 'पपप' अन् iv चं 'पअ'! (कृतीदेवमध्ये i म्हणजे प, v म्हणजे अ, हे कळतं.) तेवढे आकडे निवडून टाइम्स (इंग्रजी फॉन्ट) केले, तर अनुक्रमणिका अपडेट करायला एफ9 दाबलं की पुन्हा पपप. गाईड रोज काहीतरी बदलवतात, म्हणून शेवटी हातानं करू हे जमत नाही.

युनिकोडमध्ये बदला म्हणू नका. तक्ते, तळटीपा तपासून झाल्यात, सोमवारी बाइंडिंग आहे.

नाव कृतीदेवमध्ये आणि फक्त पान क्रमांक टाइम्समध्ये, अपडेट केल्यावरही टिकेल असं करता येतं का? की सुरुवातीच्या पानांची अनुक्रमणिका बुकमार्क लावून वेगळीच करावी लागेल?