समर कॅम्पची फी भरण्याआधी

पगार, सचिव (ए-१०४): मंडळी, मागच्या मैदानावरच्या समर कॅम्पचं पत्रक सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय. क्रिकेट आणि फुटबॉल, वय ८ ते १६. सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ अशा दोन बॅच. आपल्या सोसायटीतली दहा मुलं गेली तर फीमध्ये सवलत देणार आहेत. नावं उद्यापर्यंत कळवा.

देवरेताई (बी-३०२): पगारदादा, पत्रक वाचलं. टी-शर्ट, नाश्ता, सर्टिफिकेट, शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं, सगळं लिहिलंय. मुलाला लागलं तर मैदानावर बघणार कोण, हे कुठेच नाही. नावं देण्याआधी तेवढं विचाराल का?

शिंदेकाका (सी-२०१): ताई, आम्ही नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर दिवसदिवस खेळलो. ढोपर फुटलं की वर माती, घरी आल्यावर हळद. कोण होतं बघायला?

देवरेताई: काका, ढोपर फुटलं तर मीही मुलाला परत खेळायला पाठवीन. मला काळजी आहे ती डोक्याला बसणाऱ्या माराची, उन्हाची आणि अचानक थांबणाऱ्या हृदयाची. या तिन्हींमध्ये पहिल्या काही मिनिटांत मैदानावर जे होतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. हॉस्पिटल कितीही चांगलं असलं तरी ती मिनिटं परत मिळत नाहीत.

उन्हाचंच घ्या. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी ४ वाजता जमीन तापलेलीच असते. पळता पळता मूल भलतंच बोलायला लागलं, चिडचिड करायला लागलं, तोल जायला लागला, तर "चक्कर आली असेल, सावलीत बसव" म्हणून सोडून द्यायचं नाही. अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. १०८ ला फोन करायचा आणि गाडीची वाट बघत बसायचं नाही. लगेच बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवायचं, डोकं धरून ठेवायचं. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सगळ्या अंगावर, आणि गरम झाले की बदलत राहायचे. आधी थंड करायचं, मग हलवायचं. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, तो वेगळा ताप आहे.

मी फिजिओ आहे, आंतरशालेय स्पर्धांना मैदानावर उभी राहते. एक मोठा टब आणि बर्फाच्या दोन लाद्या, एवढीच ही तयारी आहे. ती आजवर मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

आहेरसर (ए-५०२): ताई, मी स्वतः कोचिंग करतो म्हणून बोलतो. मुलं पहिल्या दिवशीच दोन तास पळवायची नसतात, हे आम्हालाही माहीत आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पण पालकच म्हणतात, फी भरलीय, पूर्ण वेळ खेळवा.

देवरेताई: बरोबर आहे सर. म्हणूनच हे पालकांपर्यंत जायला हवं.

बोरस्तेवहिनी (बी-१०१): मी एरवी ग्रुपवर लिहीत नाही. गेल्या वर्षी एका स्पर्धेत आमच्या मुलाच्या हेल्मेटवर बॉल बसला. पडला नाही, चालत होता, बोलत होता. सगळे म्हणाले काही नाही झालं, आणि तो पुढे खेळला. घरी येताना गाडीत त्याने चार वेळा तोच प्रश्न विचारला, मॅच कोण जिंकलं. मग उलटी. डॉक्टरांनी सांगितलं मेंदूला धक्का बसलाय. आता बरा आहे, पण शाळा आणि अभ्यास यातले बरेच दिवस गेले. मैदानावर ओळखणारं कोणीतरी असतं तर तो पुढे खेळलाच नसता.

देवरेताई: वहिनी, हे लिहिलंत, फार चांगलं केलंत. बेशुद्ध झालं तरच मार गंभीर, असं बहुतेक जण धरून चालतात. तसं नसतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं बघणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा खेळ बंद. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो फार महागात पडू शकतो. नंतरही एकदम बॅट हातात द्यायची नाही. एक-दोन दिवस बेताने घ्यायचं, मग चालणं, मग हलकं पळणं, मग सराव, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच मॅच.

शिंदेकाका: क्रिकेटपटू रमण लांबा आठवला. १९९८, ढाका. शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा होता. मार लागल्यावर चालत बाहेर आला होता तो, आणि काही दिवसांत गेला.

देवरेताई: हो काका. आणि डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याचा नियम आयसीसीने ऑगस्ट २०१९ पासून आणला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन आला. पण तिथे डोकं तपासायला डॉक्टर हजर असतात. आपल्या १२ वर्षांच्या मुलांना ते कोण करणार?

कुलकर्णीकाका (सी-४०३): सगळ्यांचं वाचतोय. एका कॅम्पवाल्याला विचारून एक कॅम्प सुधारेल. या महिन्यात इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोड, पंचवटी, नाशिकरोड, सगळीकडे असेच कॅम्प सुरू होतील. पस्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत, म्हणून सांगतो, ही बातमी होऊ शकते. २०१० मध्ये कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं, तेव्हा तिच्या सावरपाडा गावाचं नाव घराघरांत पोचलं. दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला तेव्हा चांदवडकडचं तळेगाव रोही सगळ्यांना कळलं. हे काम वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने केलं. पदक, खेळाडूचं गाव, प्रशिक्षक, एवढं आम्ही विचारतो. त्या खेळाडूच्या पायाची, पाठीची काळजी कोण घेतं, हे विचारायची पद्धत डेस्कवर नाही. ती लावता येते, पण कोणीतरी येऊन मागितलं पाहिजे.

देवरेताई: काका, अमेरिकेत हेच काम संघटना करते. तिथे शाळा-कॉलेजांच्या संघांबरोबर अ‍ॅथलेटिक ट्रेनर नावाचे प्रशिक्षित लोक असतात. दुखापत टाळणं, झाली तर जागेवर तपासणं, परत कधी खेळायचं ते डॉक्टरांबरोबर ठरवणं, हे त्यांचं काम. त्यांची संघटना १९५० पासून आहे आणि मार्च महिना ते लोकांना हे काम समजावण्यासाठीच वापरतात. वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळांची पत्रकं, सगळीकडे.

२ जानेवारी २०२३ ला तिथे अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डॅमर हॅमलिन मैदानावर कोसळला, हृदय थांबलं. त्याला जागेवर छातीदाब देणारे डेनी केलिंग्टन हे संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर. काही दिवसांत सगळ्या देशाला त्यांचं नाव माहीत झालं, आणि शाळांच्या मैदानावर असा माणूस आहे का, एईडी मशीन (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) आहे का, हे पालक विचारू लागले. आपल्याकडे सीझन बॉल छातीवर बसूनही क्वचित असंच होऊ शकतं. तेव्हा छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, न थांबता, कोणीतरी द्यायलाच हवेत.

वॉशिंग्टन राज्यातल्या झॅकरी लिस्टेड या मुलाचंही सांगते. २००६ मध्ये, १३ वर्षांचा असताना, डोक्याला मार लागल्यावर त्याला परत खेळायला उतरवलं. त्यानंतर तो कित्येक वर्षं त्या दुखापतीशी झगडत राहिला. घरच्यांनी ते जगापुढे मांडलं. २००९ मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला: संशय आला की मूल बाहेर, आणि लेखी परवानगीशिवाय परत खेळायचं नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत असे कायदे आले.

बोरस्तेवहिनी: आमच्या मुलाचं नाव किंवा फोटो मात्र नको. शाळेत पोरं चिडवतात.

कुलकर्णीकाका: वहिनी, नाव, शाळा, स्पर्धा, काहीच जाणार नाही. "एका पालकाचा अनुभव" एवढंच. आणि ज्या मुलांचे फोटो काढू त्यांच्या आईवडिलांची लेखी संमती आधी घेऊ. जखमी मुलाचा चेहरा छापणं मला पूर्वीही पटत नव्हतं.

खैरनारवहिनी (ए-३०१): मला एक भीती आहे. हे सगळं पेपरात वाचून लोक मुलींना आधी घरी बसवतील. माझी मुलगी आत्ता कुठे फुटबॉलला लागलीय, सासूबाईंना निमित्तच हवंय.

देवरेताई: वहिनी, अगदी खरं. म्हणून बातमीत "खेळ धोकादायक" असं एक वाक्यही नको. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींचा खेळ गुडघ्यामुळे सुटतो, कारण लागलेला गुडघा नीट बघितलाच जात नाही. मैदानावर माणूस असेल तर आई निश्चिंतपणे पाठवते, हे आपण लिहायचं. तुमची मुलगी फोटोत आली तर मला आनंद होईल, तुमची हरकत नसेल तर.

आहेरसर: खर्चाचं बोलतो. लहान अकादमीला रोज फिजिओ परवडत नाही, हे बातमीत आलं पाहिजे, नाहीतर सगळा राग कोचवर निघेल. माझं म्हणणं, शेजारच्या तीन-चार अकादम्यांनी मिळून एक फिजिओ ठेवावा आणि वेळा तशा लावाव्यात. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. फिजिओथेरपी कॉलेजांना पत्र दिलं तर इंटर्नशिपची मुलं त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली मैदानावर येऊ शकतील. त्यांनाही शिकायला मिळेल.

देवरेताई: सर, कॉलेजांशी मी बोलते. आणि सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबल्यावर छातीदाब देण्याचं, शिक्षण सगळ्या कोचना मिळायला हवं, फिजिओ असो वा नसो. तुमच्या कोच मंडळींसाठी मी एक रविवार देते, फी नको.

कुलकर्णीकाका: प्रेसनोटचा मजकूर टाकतो. बघून घ्या.

"शहरातील उन्हाळी क्रीडा शिबिरांचे प्रवेश सुरू झाले आहेत. फी भरण्यापूर्वी पालकांनी आयोजकांना विचारावे: मुलाला दुखापत झाल्यास मैदानावर कोण पाहील, त्याचे प्रशिक्षण काय, आणि बर्फ, पाणी व रुग्णवाहिकेची सोय कशी आहे? पाथर्डी फाटा परिसरातील पालक, प्रशिक्षक व फिजिओथेरपिस्ट यांनी एकत्र येऊन हे आवाहन केले आहे. रविवारी प्रशिक्षकांसाठी मोफत सीपीआर प्रात्यक्षिक होणार आहे."

रविवारचं प्रात्यक्षिक ही बातमीची खरी जागा आहे. नुसत्या आवाहनाला कोपऱ्यात चार ओळी मिळतात. प्रात्यक्षिक असेल तर फोटोग्राफर येतो आणि शहर पानावर जागा मिळते. मेल दुपारी १२ च्या आत गेला पाहिजे, खाली एकच फोन नंबर, आणि तो उचलणारं माणूस हवं.

खैरनारवहिनी: चालेल. माझ्या मुलीचा फोटो घ्या. बाहुलीवर दाब देताना घ्या, म्हणजे सासूबाईंनाही दिसेल ती काय शिकतेय.

देवरेताई: काका, एक ओळ वाढवाल? "४ ते ६ ची बॅच एप्रिल-मेमध्ये साडेपाचनंतर ठेवावी." आणि सगळ्या क्रीडा प्रतिनिधींना एक विनंती करायची आहे. शिबिराची किंवा स्पर्धेची बातमी देताना, मैदानावर वैद्यकीय जबाबदारी कोणाकडे होती त्याचं नावही द्यावं. पाहुण्यांच्या नावाशेजारी ते नाव छापून यायला लागलं की आयोजक आपोआप माणूस नेमतील.

कुलकर्णीकाका: ही विनंती वेगळ्या पत्रात, संपादकांच्या नावे. प्रेसनोटमध्ये घातली तर डेस्क ती आधी कापेल. मी स्वतः जाऊन देतो.

शिंदेकाका: आकाशवाणी नाशिकला मी जातो, ओळख आहे. कम्युनिटी रेडिओवरही विचारू. खेड्यापाड्यातली मुलं पळतात ती डांबरावर आणि उन्हात. त्यांच्या आईबापांपर्यंत पेपरापेक्षा रेडिओ लवकर पोचेल. ताई, बोलायला तुम्हीच या, आणि मघाशी ते टॉवेल बदलत राहायचं सांगितलंत ना, तसंच साधं सांगा.

देवरेताई: येते काका. रेकॉर्डिंग सकाळचं मिळालं तर बरं, दुपारी क्लिनिक असतं.

पगार, सचिव: आत्ताच कॅम्पवाल्यांशी बोललो. दुपारची बॅच साडेपाचला न्यायला तयार आहेत. फिजिओबद्दल उद्या सांगतो म्हणाले. टब आणि बर्फाचं मान्य केलं. उत्तर येईपर्यंत मी नावं देत नाही. रविवारी सोसायटीचा हॉल सकाळी ८ ते ११ मोकळा ठेवलाय. आहेरसर, किती कोच येतील तो आकडा शुक्रवारपर्यंत द्या, त्याप्रमाणे खुर्च्या आणि चहा सांगतो.