वेदन, संवेदन आणि 'गमत नाही'

धंतोलीकर: भाची बीए पहिल्या वर्षाला आहे. विषय मानसशास्त्र, पेपर मराठीतून. पुस्तकात सेन्सेशन म्हणजे 'वेदन' आणि पर्सेप्शन म्हणजे 'संवेदन'. नागपुरात बर्डीच्या बाजारातून आणलेल्या हिंदी गाइडात सेन्सेशनलाच 'संवेदना' म्हटलंय, पर्सेप्शनला 'प्रत्यक्षण'. पोरगी दर वेळी उलटं लिहून येते. 'वेदन' समजावताना मी दातदुखीचं उदाहरण दिलं, घोळ आणखी वाढला. दुसरा शब्द आहे का?

पंतोजी: शब्दात खोट नाही. विद् म्हणजे जाणणे. वेद, विद्या, निवेदन सगळे त्यातलेच. दुखणं मागाहून चिकटलं.

ऑरेंजसिटी: मागाहून का होईना, चिकटलं ना? मग सरळ सेन्सेशन लिहा. काहून छळता पोट्टीले?

पंतोजी: उद्या 'मन'सुद्धा माइंड लिहा.

दीक्षाभूमीजवळचा: आमच्या घरी हा घोळ नाही. बौद्ध धम्मात माणूस ज्या पाच घटकांचा मानतात, त्या पंचस्कंधांतली वेदना लहानपणापासून ऐकतो. सुखा वेदना, दुक्खा वेदना आणि दोन्ही नाही अशी तिसरी. 'सुखद वेदना' म्हटलं की वर्गात मात्र हसायचे. भाचीला सांगा, सावजीच्या दुकानावरून जाताना नाकाला झोंबतं ते वेदन, 'हा सावजी रस्सा' हे कळतं ते संवेदन.

धंतोलीकर: हे तिला पटेल. पण दृष्टिभ्रमाच्या त्या म्युलर-लायरच्या रेघांचं काय? दोन्ही सारख्याच लांबीच्या, टोकांचे बाण उलटसुलट केले की एक मोठी दिसते.

दीक्षाभूमीजवळचा: मोठी दिसते हेच संवेदन. पट्टीनं मोजून झाल्यावरही ती मोठीच दिसते, गंमत तिथेच आहे.

वऱ्हाडी: मोठी 'गमते' म्हणा ना! जुन्या मराठीत गमणे म्हणजे वाटणे, भासणे. पर्सेप्शनला याहून चांगला शब्द कुठं सापडणार?

ऑरेंजसिटी: आमच्याकडे गमणे म्हणजे करमणे. 'पोट्टीले होस्टेलात गमत नाही.'

वऱ्हाडी: मला वाटतं, क्रमणचं करमण झालं आणि गमनावरून गमणे आलं. वेळ पुढे सरकते की नाही, एवढाच दोन्हींचा मुद्दा. 'गंमत'ही त्यातलीच असणार.

पंतोजी: 'असणार' ही व्युत्पत्ती नव्हे. आणि प्रमाण मराठीत 'करमत नाही' म्हणतात.

ऑरेंजसिटी: प्रमाण कोणाचं, पुण्याचं?

धंतोलीकर: पुण्यावरून आठवलं. नोकरीला पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा घरमालकीणबाईंना म्हणालो, 'इथं गमत नाही.' त्यांना ऐकू आलं 'जमत नाही'. दुसऱ्या दिवशी खोली दाखवायला नवा भाडेकरू घेऊन आल्या.