रायफलीचा बोल्ट झटक्याने ओढावा की सावकाश?

आर्वीकर:
आमच्या तालुक्यातील रेंजवर मुलांचा सराव पाहताना एक गोष्ट सारखी खटकते. गोळी सुटली की बहुतेक जण रायफल खांद्यावरून उतरवतात, बोल्टकडे (काडतूस नळीत ढकलणाऱ्या आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणाऱ्या सरकत्या दांड्याकडे) बघत तो उघडतात आणि मग दस्ता पुन्हा खांद्यात बसवून लक्ष्य शोधू लागतात. वेळेचे बंधन असलेल्या स्पर्धेत दस्ता खांद्यातून आणि गाल दस्त्यावरून हलता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धक्क्याने नळी वर जात असतानाच बोल्टची मूठ उचलावी, तो अडेपर्यंत मागे ओढावा आणि तळहाताने पुढे लोटून खाली दाबावा. भीतभीत अर्धवट ओढला, तर रिकामी पुंगळी आतच राहते किंवा मॅगझिनमधले पुढचे काडतूस वर येतच नाही.

दारव्ह्याचे गुरुजी:
भाऊ, हे कोणत्या स्पर्धेसाठी? आपली मुले ५० मीटरवर पॉइंट टू टू, म्हणजे लहान काडतुसाची रायफल चालवतात, दर वेळी एकच काडतूस हाताने भरतात आणि तिथले दहाचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, ते याच अंतरावरच्या थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेम धरायच्या) प्रकारात. तुमच्या झटक्याने कोपर बोटभर सरकले, तर बसवलेली सगळी बैठक मोडते आणि वाचलेले क्षण ती पुन्हा बसवण्यातच जातात.

आर्वीकर:
गुरुजी, वेग आणि स्थैर्य हे एकमेकांचे वैरी नाहीत. बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावरच्या स्कीइंग आणि नेमबाजीच्या जोडस्पर्धेत (बर्फ आपल्याकडे फक्त रसवंतीत दिसतो, ते सोडा) धाप लागलेला खेळाडू ५० मीटरवरची पाच लक्ष्ये भराभर पाडतो, कारण तिथला सरळ ओढीचा बोल्ट तर्जनीने मागे येतो, अंगठ्याने पुढे जातो आणि कोपर जागचे हलत नाही.

वणीकर, निवृत्त हवालदार:
दोघेही रायफलच विसरलात. थ्री नॉट थ्री रायफलीची मूठ साधारण ६० अंशांत फिरते आणि काडतुसावर आदळणाऱ्या पिनची स्प्रिंग बोल्ट पुढे लोटताना ताणली जाते, म्हणून जोर शेवटी लावावा लागतो. माउझर ९८ पद्धतीच्या रायफलीत मूठ ९० अंश उचलावी लागते आणि स्प्रिंग उघडतानाच ताणली जाते, म्हणजे जोर सुरुवातीलाच हवा. एकीचा हात दुसरीवर चालवाल, तर फसाल. शिवाय एप्रिलमध्ये बोल्टला तेल चोपडून ठेवले, की आपल्या काळ्या मातीची धूळ त्यावर बसते आणि तो जात्यासारखा करकरतो. मग झटका काय आणि सावकाश काय!

आर्वीकर:
हवालदारसाहेब, मान्य. हाताने एकेक काडतूस भरायच्या रायफलीपुरता झटक्याचा आग्रह मी सोडतो. मॅगझिनच्या स्पर्धेसाठी मात्र सोडणार नाही, आणि दस्ता खांद्यातून काढण्याचे तर कुठेच समर्थन होत नाही.

दारव्ह्याचे गुरुजी:
खांद्याचे मलाही पटते. मात्र मुलांकडून घरी सराव करून घ्याल तेव्हा डमी (दारू नसलेली) काडतुसे द्या, कारण कित्येक पॉइंट टू टू रायफली रिकाम्या चालवल्या की पिन चेंबरच्या (काडतूस बसण्याच्या जागेच्या) काठावर आपटून काठ ठेचला जातो. आणि बोल्ट पूर्ण बसेपर्यंत बोट चापाबाहेरच हवे, डमी असली तरी.