"पहिल्यासारखं कधी होणार?" : लकव्यानंतरच्या मनाचे अनुभव

ऑगस्ट 2019. पहाटे पाणी तापवायला उठले आणि उजवा पाय अंगाखालून निघूनच गेला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. त्याआधी बावीस वर्षं मी ब्लाउज शिवत होते. हात गेलेला सगळ्यांना दिसला, पण पुढची दीड-दोन वर्षं आत काय चाललं होतं ते मलाही धड सांगता येत नव्हतं. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना लकवा झाला त्यांनी आणि ज्यांनी घरात तो माणूस सांभाळला त्यांनी, मनाचं लिहा. सुरुवात मी करते.

फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीला मी रोज एकच विचारायचे, "पहिल्यासारखं कधी होणार?" ती म्हणायची, "काकू, बोटं उघडा बघू." पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा भराभर होते, मग वेग मंदावतो, हे मला नंतर कळलं. माझा सहावा महिना उलटला तरी बोटं मिटलेलीच. हळदीकुंकवाला जाणं सोडलं. गिऱ्हाइकांचे फोन आले की "दिवाळीनंतर या" म्हणायचे. दोन दिवाळ्या गेल्या! त्यांची कापडं कपाटात तशीच, मापाच्या चिठ्ठ्या टाचलेली. एका सकाळी मुलाला सांगितलं, सगळी परत देऊन ये. त्या दिवशी जेवढी रडले तेवढी दवाखान्यातही रडले नव्हते. आणि रात्री, कितीतरी महिन्यांनी, सलग झोप लागली.

माझी कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मात्र आणखी वर्ष गेलं. आता शेजारची मुलगी कटिंग करते, खडूच्या खुणा मी डाव्या हाताने करते. बोटांचा व्यायाम चालूच आहे. फक्त तो प्रश्न विचारत नाही.

नाशिकहून, पत्नी:
ह्यांची वाचा गेली. समजतं सगळं, पण चहा हवा असला की तोंडातून "दार" येतं आणि स्वतःवरच चिडून कप ढकलून देतात. आयुष्य बँकेत कॅशियर म्हणून गेलं, एका पैशाची चूक नाही. येणारे-जाणारे ह्यांच्यासमोर मला विचारतात, "जेवतात का नीट? ओळखतात का?" जसं काही हे खोलीत नाहीतच. गणपतीत आरतीला उभे राहिले आणि शब्द न् शब्द म्हटला. आम्ही सगळे थक्क. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं होतं, गाणं आणि पाठ असलेलं पुष्कळदा शाबूत राहतं. आम्हाला आनंद झाला, पण आरतीनंतर हे मला हाक मारायला गेले आणि नाव आलं नाही. ती रात्र त्यांची सगळ्यात वाईट गेली. आशा दाखवून काढून घेतल्यासारखं झालं त्यांना. तेव्हापासून मी त्यांची वाक्यं पुरी करत नाही, थांबते. पाहुण्यांनाही सांगते, "त्यांनाच विचारा, जरा वेळ द्या."

लातूर जिल्ह्यातून, मुलगी:
वडिलांची, म्हणजे आमच्या दादांची, डावी बाजू गेली. डावीकडे काही असतं हेच त्यांना उमगेना. ताटातली डावीकडची चटणी, कांदा तसाच राहायचा आणि "मला वाढलंच न्हाई" म्हणून वहिनीवर ओरडायचे. आपलाच हात उचलून म्हणायचे, "ह्यो कुणाचा?" लोक म्हणाले बाहेरचं आहे, कबुतराचं रक्त चोळा. घरात भांडणं झाली. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या उजव्या भागाला मार लागला की असं होतं, हट्ट नाही हा. वहिनीने मग ताट फिरवून ठेवायला सुरुवात केली. वहिनी वर्षभर मुकाट्याने शिव्या खात होती, तिची कुणी माफी मागितली नाही, हे मला इथे लिहायचंच होतं.

कोल्हापूरहून:
माझं वेगळंच. सासूबाई गेल्या तेव्हा मला हसू फुटलं, आवरेना. नणंदा अजून बोलत नाहीत. मी त्यांच्यावर जीव टाकत होते हो! नंतर न्यूरॉलॉजिस्टने समजावलं, लकव्यानंतर कधी कधी रडण्या-हसण्यावरचा मेंदूचा लगाम सुटतो, आतल्या भावनेशी त्याचा संबंध असेलच असं नाही. गोळीने बराच फरक पडला. हे आधी माहीत असतं तर घरच्यांना सांगून ठेवलं असतं.

पुण्याहून, वय 41:
"स्वीकारा, स्वीकारा" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तीन वर्षं झाली. मी चालतो, बोलतो, म्हणून सगळे म्हणतात दिसतोयस तर बरा. दुपारी दोननंतर डोकं पार रिकामं होतं, मुलाचा गृहपाठसुद्धा घेता येत नाही. दिव्यांगांच्या बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के अपंगत्व लागतं, माझं तेवढं भरत नाही. म्हणजे कागदावर धड, घरात निम्मा. मी काहीही स्वीकारलेलं नाही.

पुन्हा मी, धागा काढणारी. पुण्याच्या भाऊंना: नका स्वीकारू. थकवा हा लकव्याचाच भाग आहे, आळस नव्हे, एवढं घरच्यांना वाचून दाखवा.

आणि सगळ्यांसाठी: लकव्यानंतर साधारण दर तिघांत एकाला नैराश्य येतं. त्यावर उपचार आहेत. माणूस व्यायाम टाळतोय, जेवत नाही, "मला कशाला वाचवलं" म्हणतोय, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 वर आहे, मराठीतही बोलता येतं.

टाइप करायला हात साथ देत नसेल तर मोबाईलमध्ये बोलून लिहायची सोय असते. माझं हे सगळं तसंच लिहिलंय, मुलाने शुद्धलेखन तपासलं. सावकाश लिहा, मी वाचतेय.