पावसानंतरचं रान काढायला ग्रास कटर कोणता? (१५ गुंठे, कातळी उतार)

खळ्यातला:
मंडळी, गुहागरजवळ १५ गुंठ्यांचं आवार आहे. अर्धं सपाट, अर्धा कातळी उतार, भोवती चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण). हापूसची कलमं (काही अगदी लहान) आणि माड. सप्टेंबरात गवत कंबरेला लागतं, गडग्याकडेला घाणेरी आणि रानमोडीची झुडपं. बेणणीला (रान काढायला) माणसं मिळत नाहीत. टू-स्ट्रोक घ्यावा की फोर-स्ट्रोक? दुकानदार ८० दातांचं गोल पातं सोबत देतोय, ते चालेल का? अंगणातल्या हिरवळीला वेगळं लॉनमोवर लागेल का?

कलमवाला:
इंजिनाआधी पात्याचं ठरवा, कारण कातळावर पैसे तिथेच वाया जातात. ८० दातांचं पातं भातकापणीला ठीक. चिऱ्याला एकदा घासलं की कार्बाइडचे दात उडतात, आणि उडालेला दात गोळीसारखा जातो. तुम्हाला दोनच गोष्टी लागतील: घाणेरी-रानमोडीला तीन दातांचं जाड पातं, बाकी सगळ्याला नायलॉनचं हेड (पात्याऐवजी फिरत्या नायलॉन दोरीने कापणारं).

पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून झोत उजवीकडून डावीकडे मारायचा आणि डाव्या कडेने कापायचं. समोरची उजवी कड बुंध्याला किंवा दगडाला लागली की मशीन झटक्याने बाजूला फेकलं जातं. पात्याची नट बहुतेक मशीनना उलट्या आट्याची असते. नेहमीसारखी सोडवायला गेलात तर आणखी आवळली जाईल.

लहान कलमांजवळ नायलॉनसुद्धा नको. दोरी बुंध्याची साल गोलाकार सोलते आणि झाड सावकाश वाळतं. आळ्याभोवती हातभर पट्टा विळ्याने किंवा खुरप्यानेच काढा.

हिरवळीला वेगळं मोवर घेऊ नका. वर आलेला चिरा त्याचं पातं बोथट करून टाकतो. तेवढा तुकडा नायलॉनने निघतो, फक्त हेड जमिनीला समांतर धरायची सवय हवी.

गॅरेजकट्टा:
१५ गुंठ्यांना ३५ सीसीचं फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, धूर कमी. होंडाच्या जीएक्स३५ इंजिनात १०० मिली ऑइल बसतं. पहिलं १० तासांनी बदला, पुढे दर ५० तासांनी. १०० मिली म्हणजे चहाचा कप, पातळी थोडी जरी उतरली तरी इंजिनाला जाणवते. सुरू करण्याआधी रोज बघा.

पातेरा:
उतारावर दिवसभर मशीन अंगावर घ्यायचं तर मी टू-स्ट्रोकच सुचवेन. वजन कमी, कार्बोरेटर कुठल्याही गावातला मेकॅनिक उघडतो. मिश्रण पुस्तिकेत असेल तेच: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली २टी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतलंत तर कमी ऑइलने पिस्टन जाम, जास्त ऑइलने प्लग काळा.

खरा शत्रू आपली हवा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंधनाची नळी नेमकी तिथूनच ओढते. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, म्हणजे इंजिनाला वंगणच नाही. मिश्रण आठवड्यापुरतंच करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. खाऱ्या वाऱ्यात पात्याला गंज लगेच धरतो. पुसून ऑइलचा हात फिरवून ठेवा. गिअरबॉक्सचं ग्रीस दर २५ तासांनी बघा.

पाठीवरचं मशीन सपाट बागेत बरं. उतारावर पाय घसरला तर खांद्यावरचं पट्ट्याच्या हुकातून पटकन सुटतं.

खळ्यातला:
धन्यवाद. शेजाऱ्याच्या मशीनवर नायलॉन हेड आपटूनही दोरी बाहेर येत नाही. हेडच बदलावं का?

कलमवाला:
आधी उघडून बघा. बहुतेक वेळा दोरी वेटोळ्यांवर वेटोळी अडकलेली असते, नाहीतर उष्णतेने आतच चिकटलेली. स्पूलवरच्या (दोरीच्या रिळावरच्या) बाणाच्या दिशेने ताणून, एकावर एक न चढवता गुंडाळा, आणि काठोकाठ भरू नका. जुनी वाळलेली दोरी रात्रभर पाण्यात ठेवली तर पुन्हा चिवट होते. तीन मिलिमीटरहून जाड दोरी या इंजिनांना नको.

आणि गार्ड (पात्यामागचं संरक्षक झाकण) आहे ना? तो काढून चालवायची आपल्याकडे फॅशनच आहे. गार्डच्या कडेचं छोटं पातं दोरी मापात कापतं. ते नसेल तर दोरी लांब राहते, इंजिनावर भार येतो, क्लच तापतो आणि खडे सरळ नडगीवर. चष्मा, गमबूट हवेतच, गवतात फुरसं असतं. मशीन चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी नको, गडग्यापलीकडच्या रस्त्यावरचं माणूसही त्यात आलं.

पातेरा:
कापलेलं गवत जाळू नका. कलमांच्या आळ्यात बुंध्यापासून वीतभर दूर पसरा, ओल टिकते. मात्र गडग्याकडेचा पट्टा डिसेंबरच्या आत पूर्ण साफ हवा, वणवा तिथूनच आत येतो.